गोरेगाव, दिल्ली, दुबई... आणि न विचारलेलं मोशी

पत्र: नमस्कार. साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. मिरची पूड, हळद, पीठ, सुकी चटणी पाऊचमध्ये भरायची छोटी मशिनं आम्ही बनवतो. मिस्टर डिझाइन आणि फिटिंग बघतात, मी ऑर्डरी आणि हिशेब. कामगार 8. वर्षाला साधारण 40 मशिनं जातात, बहुतेक सांगली, कोल्हापूर, सोलापूर, जळगावकडे, सगळी तोंडओळखीवर. एका मशीनमागे सरासरी 35,000 रुपये सुटतात. यंदा पहिल्यांदाच प्रदर्शनात उतरायचं म्हणून 5 लाख बाजूला काढलेत. गोरेगावच्या एका मोठ्या प्रदर्शनाचा एजंट रोज फोन करतो: 9 चौरस मीटरचे 1,35,000 अधिक जीएसटी, कॉर्नरचे दोनच स्टॉल उरलेत, आज पैसे भरले तर सूट. ओळखीचे एक जण म्हणतात, दिल्लीचं ‘आहार’ करा. माझा भाऊ दुबईत असतो, तो तिकडे बोलावतोय. मिस्टरांना गोरेगावच हवंय, कारण आपल्या लाइनचे सगळे तिथे असतात. काय करावं?
— एक वाचक, साकीनाका

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. मशिनं सांगली, कोल्हापूर, सोलापूर, जळगावला जातात. त्यानंतर विचारलंत काय, तर गोरेगाव, दिल्ली की दुबई. ज्या जिल्ह्यांमधून तुमचा पैसा येतो, त्यातला माणूस या तिन्ही ठिकाणी मशीन शोधायला जातो का, हे आधी बघू.

मिस्टरांचं म्हणणं खरं आहे. आपल्या लाइनचे सगळे गोरेगावला असतात. पण लाइनचे म्हणजे तुमचे स्पर्धक, आणि स्पर्धक मशीन विकत घेत नाही. प्रदर्शन निवडताना मांडणारे कोण, यापेक्षा बघायला येणारे कोण, हे महत्त्वाचं. गोरेगावात नेस्कोच्या आवारातल्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरला खाद्यप्रक्रिया आणि पॅकिंगची मोठी प्रदर्शनं भरतात. ‘अनुटेक’ आणि त्याच्या जोडीनं भरणारं ‘पॅकएक्स’ तुम्हाला माहीत असेलच. तिथे कंपन्यांचे प्रॉडक्शन मॅनेजर येतात, परचेसचे लोक येतात, नवी लाइन टाकणारे कन्सल्टंट येतात. त्यांना मिनिटाला किती पाऊच निघतात हे हवं असतं, पाऊचचं वजन तपासणाऱ्या मशीनपासून कार्टनपर्यंत अखंड लाइन हवी असते, महिन्याला किती मशिनं देऊ शकाल हे हवं असतं. आठ कामगारांच्या गाळ्याला हे प्रश्न ऐकून घाम फुटेल. समजा एखाद्यानं एकदम दहा मशिनांची ऑर्डर दिली आणि पैसे नव्वद दिवसांनी देतो म्हणाला, तर तुमचं खेळतं भांडवल तिथेच अडकलं. असली ऑर्डर मिळण्यापेक्षा न मिळालेली बरी.

तुमचा गिऱ्हाईक कोण? तालुक्याच्या गावी मिरची कांडप चालवणारा, हळदीची पूड स्वतःच्या नावानं विकू पाहणारा शेतकरी, लोणची-चटण्यांचा बचत गट, एखादी शेतकरी उत्पादक कंपनी. यातलं कोणीही आपल्या धंद्याला ‘पॅकेजिंग’ म्हणत नाही, त्यामुळे पॅकेजिंगचं प्रदर्शन भरलंय हे त्याच्या कानावरही येत नाही. तो जातो कृषी प्रदर्शनाला. पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात ‘किसान’ भरतं. जानेवारीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर ‘कृषिक’ असतं. शिवाय कृषी खात्याच्या ‘आत्मा’ यंत्रणेमार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी महोत्सव होतात, त्यांचे स्टॉल शहरातल्या प्रदर्शनांच्या मानानं स्वस्त असतात. ठिबक बघायला, ट्रॅक्टर बघायला माणूस येतो, सोबत भाऊ असतो, बायको असते, गावातले चार जण असतात. प्रक्रिया उद्योगाच्या दालनात धणे पूड भरून पटापट पाऊच बाहेर टाकणारं मशीन दिसलं की ही मंडळी थांबतात. धणेच घ्या हं. मिरची पूड भरून दाखवायला गेलात तर अर्धी गल्ली खोकत सुटेल आणि शेजारचा स्टॉलवाला आयोजकाकडे तक्रार घेऊन जाईल.

दुसरी गोष्ट हंगामाची. नवी मिरची बाजारात यायला लागते आणि फेब्रुवारी-मार्चपासून घरोघरी मसाल्याची गडबड सुरू होते, ती पहिल्या पावसापर्यंत चालते. कांडपवाल्याला मशीन त्याआधी बसवून हवं, म्हणजे त्यानं डिसेंबर-जानेवारीत ठरवलं पाहिजे, आणि तुम्हाला बनवून द्यायला महिना-सव्वा महिना मिळाला पाहिजे. मोशी आणि बारामती या वेळापत्रकात चपखल बसतात. दिल्लीचं ‘आहार’ सहसा मार्चमध्ये असतं. तोवर तुमच्या गिऱ्हाइकाचा हंगाम सुरू झालेला असतो. यंत्रं विकणारे लोक प्रदर्शनाची तारीख स्वतःच्या सोयीनं बघतात, घेणाऱ्याच्या हंगामानं बघत नाहीत, आणि मग चौकशा भरपूर, ऑर्डरी नाहीत, असं होतं.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका. गेल्या दोन वर्षांत ज्यांनी मशीन घेतलं, त्यांची यादी तुमच्या टॅलीत आहे. एक रविवार काढा आणि त्यांना फोन लावा. ‘मशीन ठीक चाललंय ना’ इथून सुरुवात करा, म्हणजे सर्व्हिसचे दोन खोळंबलेले विषयही निकाली निघतील. मग विचारा: मशीन घ्यायचं पहिल्यांदा कधी मनात आलं, कुठे बघून आलं? गेल्या दोन वर्षांत कुठल्या प्रदर्शनाला गेला होतात? पैसे कुठून उभे केले? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, म्हणजे 2020 साली सुरू झालेल्या ‘पीएमएफएमई’मध्ये, बँकेच्या कर्जाला जोडून प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. त्यासाठी जिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्या अर्जदाराचा प्रकल्प अहवाल करून देतात. तुमच्या निम्म्या गिऱ्हाइकांनी ‘बँकेतून केलं’ असं सांगितलं, तर तुमच्यासाठी ही संसाधन व्यक्ती एजंटाच्या दहा फोनांहून मोलाची. त्या जिल्ह्यात महोत्सव कधी आहे, कोण कोण येतं, कोण नुसतं बघायला येतं, हे तिला माहीत असतं.

आता पैसा. स्टॉलचं भाडं म्हणजे खर्च नव्हे, खर्चाची सुरुवात. ढोबळ हिशेब असा की भाड्याच्या तिप्पट एकूण खर्च धरावा. 1,35,000 वर 18 टक्के जीएसटी 24,300. तो तुम्हाला इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे विक्रीवर भरायच्या जीएसटीतून वजा होऊन मिळेल, सीएला विचारून ठेवा, पण आत्ता रोख द्यावा लागेलच. बाकीचं म्हणजे टेम्पो, मशीन उतरवायला फोर्कलिफ्ट (बहुतेक मोठ्या ठिकाणी आयोजकानं नेमलेल्या एजन्सीचाच घ्यावा लागतो, आणि दर तिचा), जादा वीज, फ्लेक्स, माहितीपत्रकं, नमुन्याचं पाऊचचं रोल, माणसांचं खाणंपिणं, आणि जो कोणी विचारात घेत नाही तो खर्च: तीन-चार दिवस मिस्टर स्टॉलवर, म्हणजे गाळ्यातलं फिटिंग थांबलेलं. सगळं धरून 4 लाखांच्या आसपास गेलात. मशीनमागे 35,000 सुटत असतील तर 12 मशिनं विकल्यावर तुम्ही जिथे होतात तिथे परत येता. वर्षाची विक्री 40 असताना एका प्रदर्शनातून 12 ऑर्डरी, त्याही नेहमीच्या ओळखीतून न आलेल्या. गोरेगावच्या गर्दीत हे जमेल असं मला वाटत नाही. जिल्ह्याच्या दोन महोत्सवांमध्ये आणि मोशीत मिळून जमू शकतं.

गोरेगाव घराजवळ आहे, हॉटेलचा खर्च वाचतो, हा मुद्दा मिस्टर काढतील. वाचतो, बरोबर. साकीनाक्याहून नेस्कोला पोचायला तासभरही लागत नाही. म्हणून तर तिथे बघायला जायचं. आधी ऑनलाइन नाव नोंदवलं की अशा व्यापारी प्रदर्शनांना बहुतेक वेळा फुकट आत सोडतात. पहिल्या दिवशी सकाळी जाऊ नका, तेव्हा उद्घाटनाची गर्दी असते. दुसऱ्या दिवशी दुपारी जा. तुमच्यासारखी मशिनं मांडलेल्या छोट्या स्टॉलवर किती जण बसून बोलताहेत आणि किती जण नुसती माहितीपत्रकं पिशवीत कोंबताहेत, ते लांबून बघा. संध्याकाळी चारच्या सुमाराला मांडणारा कंटाळलेला असतो आणि खरं बोलतो. त्याला विचारा, पुढच्या वेळी येणार का. फक्त गल्लीत उभं राहून आपली कार्डं वाटत फिरू नका. दुसऱ्यानं भाडं भरलेल्या जागेवर आपला माल विकणं या धंद्यात कोणी विसरत नाही, आणि आयोजकही बाहेर काढतात.

तरीही कधी ना कधी गोरेगावचा विषय निघणारच. कदाचित दोन वर्षांनी तुम्ही मोठं मशीन काढाल, तेव्हा तिथे जायलाच हवं. त्या वेळी एजंटाकडून काय घ्यायचं ते आत्ताच सांगून ठेवतो. ‘मागच्या वर्षी अमुक हजार लोक आले’ हा आकडा मनावर घ्यायचा नाही. त्यात एकच माणूस तीन दिवस आला तर तीन वेळा मोजलेला असू शकतो, कॉलेजची सहल असू शकते, शेजारच्या हॉलमधल्या दुसऱ्याच प्रदर्शनाचे लोक असू शकतात. विचारायचं असं: वेगवेगळी माणसं किती, कुठल्या शहरांतून आली, कुठल्या धंद्यातली. पॅरिसमध्ये मुख्यालय असलेली ‘युफी’ ही प्रदर्शन व्यवसायाची जागतिक संघटना आहे. तिची मान्यता मिळवायची तर आयोजकाला आकडे तपासून घ्यावे लागतात. मान्यता आहे का, हे विचारायला लाजायचं नाही. आणि शेवटच्या दोन वर्षांच्या मांडणाऱ्यांच्या याद्या मागायच्या. दोन्ही यादींत असलेली नावं सोडा. पहिल्या वर्षी होती आणि दुसऱ्या वर्षी नाहीत, त्यातली तुमच्या आकाराची चार-पाच शोधा आणि त्यांना फोन करा. प्रदर्शनाबद्दल त्यांच्याइतकं स्पष्ट कोणी सांगणार नाही. यादी द्यायला जो आयोजक टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जायचं नाही.

‘कॉर्नरचे दोनच उरलेत’ हे वाक्य सहा महिने आधीही ऐकू येतं आणि आदल्या आठवड्यातही. कॉर्नर म्हणजे दोन बाजू उघड्या, त्यासाठी जादा पैसे. मशीन चालवून दाखवणाऱ्याला तो उपयोगी आहे, हे खरं. पण हॉलचा नकाशा हातात आल्याशिवाय कॉर्नर काय आणि मधला काय. खांब कुठे, चहाचा कोपरा कुठे, एखाद्या मोठ्या कंपनीच्या भल्यामोठ्या स्टॉलची पाठमोरी भिंत तुमच्या समोर येतेय का, हे नकाशावर दिसतं.

दिल्लीबद्दल दोन ओळी. ‘आहार’ इंडिया ट्रेड प्रमोशन ऑर्गनायझेशन प्रगती मैदानावर भरवतं, जुनं आणि नावाजलेलं आहे, पण त्याचा मुख्य कणा हॉटेल, केटरिंग, किचनची उपकरणं आणि खाद्यपदार्थ हा आहे. शिवाय पाऊचची मशिनं बनवणारे दिल्ली-फरीदाबाद पट्ट्यात ढिगानं आहेत. त्यांच्या अंगणात जाऊन तुम्ही विकलंत, आणि महिन्याभरात सेन्सर बिघडला, तर साकीनाक्याहून कोण धावणार? जिथे सर्व्हिसचा माणूस रात्रीच्या एसटीनं किंवा रेल्वेनं पोचू शकत नाही, तिथलं प्रदर्शन या आकाराच्या मशीनवाल्यानं करू नये, हे माझं ठाम मत आहे. त्यातून तिथे जागेवर विक्री केलीत तर दुसऱ्या राज्यात ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ म्हणून जीएसटीची तात्पुरती नोंदणी करावी लागते आणि अंदाजे कर आधी भरावा लागतो. महाराष्ट्रात ती भानगड नाही. मोशीला मशीन नेताना टॅक्स इन्व्हॉइस फाडायचा नाही, डिलिव्हरी चलन करायचं, त्यावर ‘विक्रीसाठी नाही, प्रदर्शनासाठी’ असं लिहायचं. राज्यातल्या राज्यात माल 1 लाखाच्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवरून काढायचा माल वाहतुकीचा कागद. मशीन आणि सुटे भाग मिळून तुम्ही बहुधा जाल, त्यामुळे ते करूनच निघा.

दुबईला भावाकडे जरूर जा, मशीन नको. तिथे यंत्र दाखवून परत आणायचं तर ‘एटीए कार्ने’ हा माल तात्पुरता परदेशी नेण्याचा कस्टमचा कागद लागतो, भारतात तो फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडून मिळतो, त्यापोटी हमी ठेवावी लागते. हे सगळं करता येतं. पण निर्यात करायचीच असेल तर आधी ईईपीसी इंडिया या इंजिनिअरिंग मालाच्या निर्यातदारांच्या परिषदेचं सभासदत्व, त्यांच्या दालनातून एखाद्या प्रदर्शनात छोटी जागा, आणि तिथला एक सर्व्हिस देणारा जोडीदार, हा क्रम. आत्ता तुमचा जळगावचा माणूस सुट्या भागासाठी चार दिवस थांबत असेल, तर त्याचं आधी बघा.

आणि दादरचे हॉल, ग्राहक पेठा, ‘सरस’सारखी विक्री प्रदर्शनं? तिथे मशीन विकलं जात नाही. मात्र तिथे चटण्या-मसाले विकायला बसलेल्या बायका तुमच्या गिऱ्हाईक आहेत. ‘सरस’ला राज्यभरातले बचत गट येतात. मुंबईत ते भरलं की एक दुपार काढून चक्कर मारा, चार पाकिटं विकत घ्या आणि पाकिटाचं सील बघा. मेणबत्तीवर किंवा हातानं दाबून केलेलं दिसलं की नंबर मागा. याला भाडं लागत नाही.

सरकारी मदतीचं: केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची ‘प्रोक्युअरमेंट अँड मार्केटिंग सपोर्ट’ योजना आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगांना ठरावीक प्रदर्शनांच्या जागाभाड्यात मोठी सवलत मिळते, महिला उद्योजकांना ती जास्त. एमएसएमईचं विकास कार्यालय तुमच्याच कुर्ला-अंधेरी रोडवर आहे, रिक्षानं जाता येईल. तुमची नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते बघा आणि जाऊन विचारा. अर्ज प्रदर्शनाच्या आधी करायचा असतो आणि पैसा नंतर हातात येतो, तेव्हा 5 लाखांच्या हिशेबात तो धरू नका.

प्रदर्शनात नाव छापून आलं की तुम्हाला ई-मेल यायला लागतील: आलेल्या पाहुण्यांची यादी विकत घ्या, इतक्या डॉलरला. ही बहुतेक फसवणूक असते, एकही उघडू नका.

मोशीच्या तयारीत माहितीपत्रकांवर खर्च कमी करा. तिथल्या माणसाला हवं असतं दरपत्रक, तेही त्याच्या नावानं, जीएसटी क्रमांक आणि तारीख टाकून, शिक्का मारून, कारण बँकेच्या फायलीला तेच लागतं. स्टॉलवर लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर ठेवा. ज्याला हातात दरपत्रक मिळालं, तो ते घेऊन थेट शाखेत जातो. बाकीचे आठवड्यानं फोन करतो म्हणतात. मशीनवर ठळक अक्षरांत लिहा: सिंगल फेजवर चालतं. नाहीतर दिवसभर तेवढंच उत्तर देत बसाल. गर्दी प्रचंड असते आणि त्यातले बरेच जण सहज आलेले असतात, म्हणून पुढे उभ्या राहणाऱ्यानं दोनच प्रश्न विचारायचे: सध्या पॅकिंग कसं करता, आणि दिवसाला किती किलो? किलो सांगता आले तर माणूस धंद्यातला आहे, त्याला मिस्टरांकडे पाठवा. नाही सांगता आले तर नमस्कार करून माहितीपत्रक द्या.

संध्याकाळी हॉटेलवर बसून त्या दिवसाच्या चौकशा वहीत उतरवा: नाव, गाव, किलो, दरपत्रक दिलं की नाही, पैसे कुठून. परतल्यावर पहिल्या आठवड्यात दरपत्रकवाल्यांना फोन, आणि तो मिस्टरांनी नाही, तुम्ही करायचा. मशीनचं ते सांगतील. बँकेचं काम कुठवर आलं, हे तुम्ही विचाराल, आणि ऑर्डर तिथेच अडलेली असते.